‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वाईट चालीच्या बाईलाच होतो’

हे वाक्य पाड्यापाड्यावर ऐकू येतं, आणि त्यापायी बायका अंगावरून पांढरं जाणं, मध्येच रक्त जाणं वर्षानुवर्षं लपवतात.

खरं असं आहे. हा कॅन्सर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून पसरतो, हे खरं; पण इतका सर्रास आढळतो, की जन्मभर एकाच नवऱ्यासोबत राहिलेल्या बाईलाही होऊ शकतो. नवऱ्याला तो कधी लागला हे त्यालाही ठाऊक नसतं, कारण बहुधा लक्षणंच नसतात. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. मोजक्या जणींत टिकून राहतो, आणि तिथून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. मग आज आजारी पडलेल्या बाईच्या चालीबद्दल कोण काय सांगणार?

हीच १५ वर्षं आपल्या हातात असतात. तपासणीत नर्सताई पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावते आणि मिनिटभर थांबते. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. कापाकापी नाही, भूल नाही. तिशीनंतर, काहीही त्रास नसताना करायची ही तपासणी. जवळच्या आरोग्य केंद्रात ती कधी होते, हे आशाताईंना विचारा.

उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. एचपीव्ही तपासणी ही वर सांगितलेल्या तपासणीहून वेगळी; तीत पिशवीच्या तोंडाशी हा विषाणू आहे का ते पाहतात. ती एकदाच झालेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. त्या बायका खेड्यातल्या, तुमच्या-आमच्यासारख्याच होत्या.