फळी हातात घेण्याआधी : सरावफळ्यांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. कराटेच्या सरावात हातापायाच्या प्रहाराने मोडायला तुम्ही घेतलेल्या फळ्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर हा कागद आम्ही मुद्दाम ठेवला आहे. पहिली फळी बाहेर काढण्याआधी तो वाचा आणि जो फळी धरणार आहे त्यालाही वाचायला द्या. त्याने वाचणं तर जास्तच गरजेचं आहे.

फुटलेल्या फळीने हात सहसा दुखावत नाही, न फुटलेल्या फळीने दुखावतो. फळी मोडली की हात आरपार पुढे जातो आणि लावलेला जोर लाकूड मोडण्यात खर्ची पडतो. फळी टिकली की तोच जोर बोटांच्या सांध्यांत आणि मनगटात परत येतो. म्हणून कुणी पहिल्याच वेळी सगळ्यात जाड फळी मागितली, तर आम्ही आधी दोन प्रश्न विचारतो. हात कशावर बसवला आहे? फळी धरणार कोण? उत्तरं ऐकून बऱ्याचदा एक आकार लहान फळी देतो. त्यात तुमच्या ताकदीवर शंका घेण्याचा हेतू नसतो. नक्की फुटेल अशा फळीवर शिकलेला प्रहार पुढच्या फळीवर उपयोगी पडतो. न फुटणाऱ्या फळीवर माणूस फक्त बिचकायला शिकतो.

लाकडाच्या रेषा

फळी उजेडात धरा. तिच्या अंगावर एका दिशेने जाणाऱ्या रेषा दिसतील. रेषांच्या दिशेने लाकूड सहज फाटतं, पण रेषा आडव्या तोडायला गेलात तर ते कमालीचं चिवट असतं. त्यामुळे फळीला आधार द्यायचा तो रेषांना समांतर असलेल्या दोन कडांना, आणि मारायचं या दोन आधारांच्या बरोबर मध्ये. प्रहार बसला की फळी किंचित वाकते. समोरचा पृष्ठभाग दाबला जातो, मागचा ताणला जातो आणि चीर सुरू होते ती मागच्या बाजूने. मारणाऱ्याला ती दिसत नाही, पण फुटलेले तुकडे जुळवून बघितलेत तर मागची कड कशी उघडली ते कळतं.

एका ग्राहकाने फळी परत आणली होती. तक्रार अशी, की माल सदोष आहे, चार जणांनी मारूनही फुटली नाही. फळीच्या मध्यावर टाचेचे तीन-चार काळपट ठसे होते आणि वरच्या-खालच्या कडांवर धरणाऱ्याच्या बोटांचे मळके डाग. रेषा मात्र त्या डागांकडून डागांकडे धावत होत्या. फळी पाव फेरा फिरवून धरली होती, एवढंच. तीच फळी आम्ही नीट धरली आणि त्यांच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने तळहाताच्या एका फटक्यात ती मोडली. त्या दिवसापासून प्रत्येक फळीच्या मागे आम्ही शिक्क्याने दोन हात उमटवतो. धरायचं तिथेच.

आकार कसा निवडायचा

आमच्या सगळ्या फळ्यांमध्ये रेषांच्या आडवं अंतर 30 सेंमी असतं. बदलते ती रेषांच्या दिशेची लांबी आणि जाडी. लांबी दुप्पट केली तर फळी मोडायला साधारण दुप्पट जोर लागतो. जाडीचं गणित वेगळं आहे. जाडी दुप्पट केली तर जोर चौपट. 12 मिमीवरून 19 मिमीवर जाणं दिसायला किरकोळ वाटतं, पण फळी जवळपास अडीच पट अवघड होते. म्हणून पायरी चढताना आधी लांबी वाढवा, जाडी नंतर.

दोन फळ्या एकमेकींना चिकटवून धरल्या की त्या एकदम मोडाव्या लागतात. मध्ये छोट्या पट्ट्या ठेवून अंतर सोडलं तर एकामागून एक मोडतात आणि काम बरंच सोपं होतं. प्रात्यक्षिकात उंच रचलेल्या चळती बघताना हे ध्यानात असू द्या.

वेग आणि बिचकणं

मायकेल फेल्ड, रॉनल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क या भौतिकशास्त्रज्ञांनी 1979 साली कराटेच्या प्रहारांवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. पुढे अंतराळवीर म्हणून ओळखले गेलेले मॅकनेअर स्वतः ब्लॅक बेल्ट होते. त्यांच्या हिशोबात पाइनची साधी फळी मोडायला हाताचा वेग सेकंदाला सुमारे 6 मीटर लागतो, काँक्रीटच्या लादीला 10 मीटरहून थोडा जास्त. सहाच्या आसपास नवशिकाही पोचतो. मग फळी का फुटत नाही? कारण शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये हात आपोआप आवरला जातो. मन म्हणतं, समोर लाकूड आहे.

यावर उपाय लक्ष्य बदलण्याचा. फळीच्या मागे वीतभर अंतरावर एक जागा मनात पक्की करा आणि तिथे मारा. फळी वाटेत लागते, इतकंच. अंतरही तपासा. हात पूर्ण ताणला जाण्याच्या थोडं आधी, साधारण तीन चतुर्थांश सरळ झालेला असताना, सर्वात वेगात असतो. तिथे फळी हवी. मारण्याआधी दोन-तीनदा सावकाश हात नेऊन फळीला नुसता टेकवून बघा.

सुरुवातीला तळहाताची टाच (शोतेई) किंवा मुठीची करंगळीकडची मऊ बाजू (तेत्त्सुई) वापरा. पायाने मारायचं असेल तर साइड किक, आणि लागली पाहिजे टाच. समोरच्या लाथेत बोटं मागे वळवून चवड्याने मारायचं. बोटं राहिली तर बोटंच मोडतात. सरळ ठोसा (सेईकेन) सर्वात शेवटी. त्यात तर्जनी आणि मधल्या बोटाचे सांधेच लागले पाहिजेत. मूठ जरा कलली तर भार करंगळीमागच्या बारीक हाडावर येतो, आणि चुकलेल्या ठोशांत मोडणारं हाड बहुधा तेच असतं.

लहान मुलांना बोटांच्या सांध्यांनी फळी मारू देऊ नका. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा भाग असतो, तो किशोरवयापर्यंत नाजूक राहतो. मुलांसाठी 12 मिमीची आखूड फळी, आणि पायाची टाच किंवा तळहात. याबाबत पालकांनी आग्रह केला तरी आम्ही जाड फळी देत नाही.

धरणाऱ्यासाठी

तुमच्यावर निम्मं काम आहे. फळी मागे सरकली तर जोर वाया जातो आणि मारणाऱ्याचा हात दुखावतो. शक्यतो दोघांनी खांद्याला खांदा लावून धरा. एक पाय मागे, वजन पुढे, कोपरं घट्ट. तळहाताचा भरीव भाग फळीच्या मागे दाबून ठेवा, समोर बोटांची टोकं कडेवरच राहू द्या. चेहरा बाजूला वळवा आणि डोळ्यांवर साधा संरक्षक चष्मा लावा, कारण पाइनची कुसळं कुठेही उडतात. आणि कृपा करून, प्रहार येताना फळी पुढे ढकलू नका. मदत करायची म्हणून अनेक जण हे करतात, पण त्याने अंतर बिघडतं.

फळी दोनदा मारूनही फुटली नाही, तर तिसऱ्यांदा मारू नका. लहान फळी घ्या.

प्लास्टिकच्या जोडफळ्या

यांचे दोन भाग खाचेत अडकतात आणि पुन्हा पुन्हा वापरता येतात. रोजच्या सरावाला उत्तम. रंगावरून कठीणपणा कळतो, पण प्रत्येक उत्पादकाचे रंग वेगळे असतात, तेव्हा दुसरीकडच्या काळ्याची आमच्या काळ्याशी तुलना करू नका. सांध्याच्या रेषेवरच मारावं लागतं. वापरून खाच झिजते आणि फळी हलकी पडत जाते, म्हणून बेल्टच्या परीक्षेआधी लाकडावर एकदा तरी हात बसवून घ्या.

साठवण

लाकडी फळ्या कोरड्या जागी, आडव्या, भिंतीपासून थोड्या दूर ठेवा. ओलावा धरलेली फळी वाकते आणि प्रहार गिळते. परीक्षेआधी भट्टीत भाजून फळ्या ठिसूळ करण्याची चाल आम्हाला माहीत आहे. तसं करू नका. अशी फळी तुमच्या प्रहाराबद्दल काहीच सांगत नाही.

आम्ही प्रत्येक फळी रंधा मारल्यावर दोन्ही बाजूंनी बघतो. तरीही मध्यावर गाठ असलेली एखादी नजरेतून सुटली, तर ती मारू नका. गाठीपाशी रेषा वळतात आणि लाकूड दगडासारखं लागतं. फळी तशीच परत आणा, आम्ही बदलून देऊ.