पल्स ऑक्सिमीटर, घरगुती

रक्तातील हिमोग्लोबिनपैकी किती टक्के हिमोग्लोबिनने प्राणवायू धरून ठेवला आहे आणि नाडी मिनिटाला किती पडते, हे सुई न टोचता दाखवणारे, चिमट्यासारखे बोटाला लावायचे यंत्र. महाराष्ट्रात ते घरोघरी ओळखीचे झाले ते करोनाच्या साथीत. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या सप्टेंबर २०२० मधील मोहिमेत आरोग्य पथके दारोदार जाऊन लोकांचे तापमान आणि ‘ऑक्सिजन लेव्हल’ तपासत होती.

अंधारात टॉर्चवर बोट ठेवले की ते लालभडक दिसते, कारण तांबडा प्रकाश मांसातून बराचसा पार होतो. ऑक्सिमीटर हाच गुण वापरतो. त्याच्या एका बाजूने सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सोडला जातो. प्राणवायू नसलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश अधिक शोषते, तर प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन अवरक्त अधिक शोषते; बोटातून पार झालेल्या या दोन प्रकाशांच्या प्रमाणावरून टक्केवारी काढता येते. मात्र त्वचा, हाड आणि नीलांतील रक्तही प्रकाश शोषतात, त्यांना वजा कसे करायचे हा प्रश्न उरतो. जपानच्या निहोन कोडेन कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी हे कानाच्या पाळीवर प्रकाश टाकून हृदयातून पंप होणारे रक्त मोजू पाहत होते आणि नाडीमुळे उठणारी लहर त्यांच्या मोजणीत अडथळा आणत होती. बाकी सारे स्थिर असताना ठोक्यागणिक बदलते ते केवळ रोहिणीतील रक्त, हे ओळखून त्यांनी १९७४ मध्ये त्या अडथळ्यालाच मोजमापाचा आधार बनवले.

यंत्र निवडताना सर्वांत उपयोगी पडते ते हेच तत्त्व. नाडीची लहर नीट मिळाली नसेल, तर पडद्यावरचा आकडा कितीही ठसठशीत असला तरी त्याला अर्थ नसतो. म्हणून लहरीचा आलेख, निदान ठोक्याबरोबर वरखाली होणारी पट्टी दाखवणारे यंत्र घ्यावे. ‘पर्फ्युजन इंडेक्स’, म्हणजे बोटातील रक्तप्रवाहाच्या जोराचा निर्देशांक, दिसत असेल तर अधिक चांगले. थंडीच्या सकाळी गार पडलेल्या बोटाला यंत्र लावले की पट्टी जेमतेम हलते आणि ८८, ९३, पुन्हा ९० असे आकडे उड्या मारतात. तेच बोट चोळून गरम केल्यावर पट्टी उंच उसळते आणि ९७ वर आकडा स्थिरावतो. रंगीत पडदा, मोबाइल जोडणी वगैरे गोष्टींसाठी जादा पैसे मोजण्याचे फारसे कारण नाही. दीर्घ आजारात नोंदी साठवायच्या असल्यास गोष्ट वेगळी.

अचूकतेचा दावा वाचताना सावध राहावे. खोक्यावरील ‘± २ टक्के’ याचा अर्थ प्रत्येक मापन त्या मर्यादेत असते असा नसून साधारण दोन-तृतीयांश मापने तीत बसतात, असा आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ७० ते १०० टक्के या कक्षेत चार टक्क्यांपर्यंतची त्रुटी चालते. गडद त्वचेच्या रुग्णांमध्ये यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, हे २०२० मधील एका अमेरिकी अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले. भारतीय ग्राहकाने ही बाब दुर्लक्षू नये. भारतात हे यंत्र वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येते, तेव्हा खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक आहे का, ते पाहावे. साथीच्या काळात भाव भडकल्यावर राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने जुलै २०२१ मध्ये या यंत्राच्या विक्रीतील नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती.

स्मार्ट घड्याळे मनगटावरून परत फिरणारा प्रकाश मोजतात. मनगटात लहर क्षीण असल्याने आणि हात हलत असल्याने त्यांचे प्राणवायूचे आकडे बोटावरील यंत्राइतके भरवशाचे नसतात; ठोक्यांचा कल पाहण्यास मात्र ती सोयीची असतात. ठोके अनियमित असतील, तर बोटापर्यंत न पोहोचणारा क्षीण ठोका ऑक्सिमीटरच्या मोजणीतून सुटतो. अशा व्यक्तीसाठी ईसीजीला पर्याय नाही.

मापनापूर्वी गडद नेलपॉलिश काढावे, पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि आकडा स्थिरावेपर्यंत, निदान अर्धा-एक मिनिट, हात हलवू नये. निरोगी व्यक्तीत आकडा सामान्यतः ९५ ते १०० असतो. दीर्घकालीन श्वसनविकाराच्या काही रुग्णांत मात्र डॉक्टर ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवतात, म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावू नये. रक्तक्षयात एकूण हिमोग्लोबिनच कमी असूनही टक्केवारी उत्तम दिसते. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या माणसाच्या बोटावर तर हे यंत्र निर्धास्तपणे ९८ दाखवू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूयुक्तच भासते. अशा वेळी यंत्र बाजूला ठेवून रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे आणि थेट रुग्णालयात न्यावे.