ट्रायक्लोरोइथिलिन (टीसीई)

ट्रायक्लोरोइथिलिन हे पाण्यासारखं दिसणारं, गोडसर वासाचं क्लोरीनवालं सॉल्व्हंट, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणारा द्रव. वर्कशॉपमध्ये पूर्ण नाव कुणी घेत नाही, टीसीई म्हणतात.

शोध कुणाचा यावर घोळ आहे. बऱ्याच ठिकाणी १८६४ साली एमिल फिशरनं बनवलं असं छापलंय, पण नोबेल मिळालेला एमिल फिशर जन्मला १८५२ ला, म्हणजे तेव्हा बारा वर्षांचं पोर, त्यामुळं तो ‘ई. फिशर’ दुसराच कुणीतरी धरणं बरं. त्याच्याही आधी, १८३६ च्या सुमारास, ओग्युस्त लोराँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हे मिळालेलं दिसतं, फक्त त्यानं सूत्रात कार्बन दोनऐवजी चार लिहिलेत, कारण कार्बनचा अणुभार तेव्हा निम्मा धरायचे. पहिला मान लोराँचा आणि नीट तपासणी फिशरची, हे जास्त पटतं.

कोल्हापूरकडच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावसारख्या मशिनिंगच्या पट्ट्यात याची ओळख डीग्रीजिंगमुळं, म्हणजे जॉबवरचं (मशीनवर बनवलेल्या भागावरचं) तेल-ग्रीस काढण्यामुळं. टाकीच्या तळाशी टीसीई ८७ अंशाला उकळतं, वाफ गार जॉबवर बसून थेंब होते, कटिंग ऑईल घेऊन खाली गळते, आणि जॉब कोरडाच बाहेर येतो. वाफ अडवणाऱ्या वरच्या कॉईलमधलं (नळीच्या वेटोळ्यातलं) गार पाणी थांबलं की तीच वाफ शेडमध्ये.

सहज पेट घेत नाही म्हणून लोक याला गरीब समजतात, ते फार चुकीचं आहे. वाफ हवेच्या साडेचारपट जड, टाकीत तळाला साचते. रिकामी दिसते म्हणून गाळ काढायला उतरलेला माणूस गुंगी येऊन पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. (एकेकाळी हेच ऑपरेशनला भूल म्हणून ‘ट्रायलीन’ नावानं द्यायचे!) दिवसभर वाफेत राहिलेल्यानं संध्याकाळी थोडी घेतली तर तोंड-मानेवर लाल चट्टे उठतात. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. किडनीचा कॅन्सर होतो हे पक्कं, आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं याला पहिल्या गटात टाकलंय. सांडलं तर पाण्यापेक्षा जड असल्यानं आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोल जातं, मग काढणं मुश्किल.

१९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये हवेतल्या वाफेची आठ तासांची सरासरी मर्यादा ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) होती. युरोपात एप्रिल २०१६ पासून खास परवानगीशिवाय वापर बंद, अमेरिकेनं डिसेंबर २०२४ मध्ये बंदीचा नियम काढला.

पर्याय म्हणून गरम अल्कली वॉश (कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीच्या पाण्यानं धुणं) चालतो, पण टीसीईच्या जुन्या टाकीत कॉस्टिक कधीच ओतू नये. उरलेल्या टीसीईशी त्याची क्रिया होऊन डायक्लोरोॲसिटिलीन निघतं, जे चेहऱ्याच्या नसा बधिर करतं आणि स्फोटकही आहे.