फोंड्याहून मक्का नेमकी कुठे?

28 मे रोजी दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी गोव्यातल्या फोंड्याच्या साफा मशिदीजवळ ओळंबा धरा. दोरीची सावली मक्केच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडलेली दिसेल. मक्का 21.4 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य थेट काबाच्या, म्हणजे मुसलमान जिच्याकडे तोंड करून नमाज पढतात त्या मक्केतल्या पवित्र वास्तूच्या, माथ्यावर येतो. त्या क्षणी जिथे जिथे ऊन असेल, तिथे सूर्याची दिशा तीच मक्केची दिशा. दुसरी वेळ 16 जुलैच्या सुमारास येते, पण तेव्हा गोव्यात आभाळ कुठलं मोकळं मिळायला!

ही दिशा पश्चिमेपासून सुमारे 16 अंश उत्तरेकडे आहे. मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर मात्र जेमतेम साडेदहा अंश भरतात. गोलावरची सर्वांत जवळची वाट कागदावर वाकडी होते, म्हणून हा फरक. अकराव्या शतकात अल-बिरुनी या विद्वानाने आजच्या अफगाणिस्तानातल्या गझनीहून मक्केची दिशा गोलावरच्या त्रिकोणमितीने काढली होती. प्रार्थनेच्या गरजेतून गणित असं पुढे गेलं, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

ज्यू लोक जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करतात. गोव्याहून ती दिशा पश्चिमेपासून 32 अंश उत्तरेला येते. हात लांब करून मूठ वळली की ती साधारण 10 अंश झाकते. म्हणजे इथून या दोन पवित्र शहरांत अंतर दीड मुठीचं. सुरुवातीचे मुसलमानही जेरुसलेमकडेच तोंड करत. इ.स. 624 मध्ये दिशा बदलून मक्का झाली, तेव्हा ते मदिनेत होते. मदिनेच्या उत्तरेला जेरुसलेम, दक्षिणेला मक्का. त्यांना जवळजवळ पाठ फिरवावी लागली! तो बदल केवढा मोठा होता, हे नकाशा समोर ठेवल्यावरच उमगतं.

ख्रिस्ती परंपरेत शहराऐवजी पूर्व दिशेला मान. युरोपातल्या कितीतरी जुन्या चर्चमध्ये वेदी पूर्वेच्या टोकाला असते. जुन्या गोव्यात मात्र से कॅथेड्रलचं दर्शनी तोंडच पूर्वेला आहे, त्यामुळे वेदी पश्चिमेला गेली. रोमच्या सेंट पीटर्समध्येही तसंच आहे. कॅथेड्रलच्या मागचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च पश्चिमाभिमुख, म्हणून तिथली वेदी पूर्वेला. एकाच आवारात दोन्ही रीती! गोव्यातल्या गावोगावच्या जुन्या मशिदी आणि चर्चच्या दिशा कुणीतरी अशाच मोजून नकाशावर मांडायला हव्यात.