रॉडचे वॅट बघू नका, बादलीतलं पाणी कुठून आलंय ते बघा

थंडी पडली की व्हॉट्सअपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो, पाणी तापवायची १५०० वॅटची रॉड काढून टाका, १००० ची आणा, लाइटबिल एकदम खाली येईल. हे साफ चूक आहे. वॅट म्हणजे वीज किती वेगानं खर्च होते ते, आणि बिल येतं एकूण किती खर्च झाली त्याचं, म्हणजे युनिटचं. १५०० ची रॉड जे काम अर्ध्या तासात करते त्याला १००० च्या रॉडला पाऊण तास लागतो, युनिट तेवढेच. उलट जास्त वेळ लागला तर तेवढा वेळ बादली हवेत गरमी सोडत बसते. आणि प्लगात खोचायची ती हिरव्या दिव्याची 'पॉवर सेव्हर' डबी, तिच्यात फार तर एक कपॅसिटर असतो, घरगुती मीटर मोजतो त्या युनिटवर त्यानं काडीचा फरक पडत नाही, तिच्यावर पैसे घालवू नका.

मग बिल कमी करायचं कसं? पाणी तापायला किती ऊर्जा खातं ते आधी बघा. १ लिटर पाणी १ अंशानं तापवायला साधारण ४१८६ जूल लागतात. तेवढ्याच ऊर्जेत तेच १ लिटर पाणी ४२७ मीटर उंच उचलता येतं! म्हणजे समुद्रसपाटीपासून थेट कळसूबाईच्या माथ्यावर (१६४६ मीटर) लिटरभर पाणी चढवायला जी ऊर्जा लागेल, तिच्यात ते जेमतेम ४ अंशांनी तापतं. म्हणून मोटर लावून पाणी वर ओढणं स्वस्त आणि तेच पाणी तापवणं महाग.

आता आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडची पहाट घ्या. कडाक्याच्या थंडीत पारा ५-६ अंशांवर येतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभरात गारठून १३ अंशांवर आलंय असं धरू. २० लिटरची बादली १३ वरून ४३ वर न्यायची तर ०.७ युनिट. तीच बादली पहाटे मोटर चालू करून थेट बोअरच्या पाण्यानं भरली, जे साधारण २५ अंशांचं असतं, तर ०.४२ युनिट. घरात चार बादल्या लागत असतील तर महिन्याला ३३-३४ युनिट वाचतात. आणि २०० फुटांवरून ८० लिटर पाणी उचलायला, मोटरची अर्ध्याहून जास्त वीज वाया जाते असं धरलं तरी, ०.०५ युनिटच्या आत काम होतं. १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर चांगलाच वाढतो, त्यामुळे हे वाचलेले युनिट बहुतेक घरांत महागातलेच असतात.

पण थंडीत बोअरचं पाणी कोमट का लागतं? लोक सांगतात की थंडीत पृथ्वीच्या पोटातली गरमी वर येते. तसं काही नाही हो. पोटातली गरमी खरी आहे, पण खोल जाताना तापमान किलोमीटरला २५-३० अंशांनी वाढतं, म्हणजे २०० फुटांत दीड-दोन अंश, आणि ती बारा महिने सारखीच येते, थंडी बघून येत नाही.

खरं काम माती आणि मुरूम करतात, आणि हे मला फारच आवडतं. जमिनीचा वरचा थर तापतो, गार पडतो, आणि हा चढउतार लाटेसारखा हळूहळू खाली झिरपतो, झिरपताना विझत जातो. लाट किती खोल जाणार हे तिच्या कालावधीच्या वर्गमुळावर ठरतं. दिवस-रात्रीची लाट १०-१५ सेंटिमीटरवरच एक तृतीयांशाच्या आसपास उरते. वर्षाची लाट ३६५ पट लांब, ३६५ चं वर्गमूळ सुमारे १९, म्हणून ती १९ पट खोल जाते, म्हणजे २ ते ३ मीटर. त्याच्या पुढच्या २-३ मीटरला उरलेल्याचा परत तिसरा हिस्सा, असं करत ३०-३५ फुटांवर मूळ चढउताराचे शेकड्यात दोनच भाग शिल्लक. शिवाय अशा प्रत्येक टप्प्याला लाट सुमारे ५८ दिवस मागे पडते (३६५ भागिले २π, म्हणजे दोन गुणिले ३.१४), म्हणजे वर मे महिना तापत असताना दोन टप्पे खाली अजून जानेवारीचाच असर चालू असतो, तोही जेमतेम. एवढ्या खाली उरते ती फक्त वर्षाची सरासरी, आमच्याकडे २५ च्या आसपास. म्हणजे बोअरचं पाणी थंडीत गरम होत नाही आणि उन्हाळ्यात गारही होत नाही, ते आहे तिथंच असतं, बदलते ती बाहेरची हवा, आणि हाताला फक्त फरक कळतो.

उघड्या विहिरीचं तेवढं सांभाळा, वरचं पाणी रात्री हवेनं गार पडतं, फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाचं पाण्यातलं तोंड, खोल असेल तर फायदा. पाइपात रात्रभर थांबलेलं पहिलं पाणी गार येतं, ते धुण्याभांड्याला किंवा गुरांना काढा, मग बादली लावा. पहाटे लाइट नसते म्हणाल तर तेव्हा रॉडही चालणार नाही, लाइट आल्यावर आधी मोटर, मग रॉड. बादलीवर रॉडभोवती बसेल असं झाकण टाका. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघू नका.

माझ्या आकड्यांवर जाऊ नका, स्वतः मोजा. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर घ्या, तापाचा नको, तो ३५ च्या खाली दाखवतच नाही. पहाटे एक तांब्या टाकीचा, एक तांब्या बोअरचा, जो फरक येईल त्याला बादलीच्या लिटरनं गुणा आणि ८६० नं भागा (एका युनिटात ८६० लिटर पाणी १ अंशानं तापतं), दर बादलीला वाचलेले युनिट मिळतील.