वैमानिकाची रात्र कुठे संपते? थकव्याच्या नियमांमागची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात उड्डाणं रद्द होऊन देशभरच्या विमानतळांवर बॅगांचे ढीग साचले, तेव्हा ‘एफडीटीएल’, म्हणजे वैमानिकांच्या उड्डाणाच्या आणि ड्युटीच्या तासांवरची मर्यादा, ही अक्षरं बहुतेक प्रवाशांच्या कानावर पहिल्यांदाच पडली. गोंधळाचं खापर ‘नव्या नियमा’वर फुटलं. तो नियम जानेवारी २०२४मध्येच जाहीर झालेला होता, आणि वैमानिकांच्या विश्रांतीवरून चाललेली ओढाताण तर २००७पासूनची आहे.

नियमात आकडे पुष्कळ आहेत. वर्षाला उड्डाणाचे १,००० तास, आठवड्याची सुट्टी, दोन ड्युट्यांमधलं अंतर, परदेशी वेळेला शरीर सरावण्याचे दिवस. पण सगळं अडतं ते एका शब्दाशी, आणि तो शब्द आहे रात्र.

आपल्या बोलण्यात रात्रीचे दोन, पहाटेचे चार आणि सकाळचे सहा असतात. दोन आणि सहा यांच्या मधल्या वेळेला आपण साखरझोप म्हणतो. विमानवैद्यकाला हा काळ चांगला माहीत आहे. शरीराचं घड्याळ तेव्हा सर्वांत खाली गेलेलं असतं. अंगाचं तापमान उतरतं, हाताची प्रतिक्रिया मंदावते. माणूस जागा असला तरी कंट्रोल टॉवरने सांगितलेला आकडा परत म्हणताना चुकू शकतो. आदल्या दिवशी भरपूर झोप झाली म्हणून हा उतार टळत नाही, फार तर कमी होतो. भारतीय नियमांनीही हा काळ २ ते ६ असाच धरला होता.

मात्र त्याच नियमांत ‘रात्रीची ड्युटी’ मोजताना रात्र १२ ते ५ अशी धरलेली होती. एकाच दस्तऐवजात शरीराची रात्र सहाला संपत होती आणि रोस्टरची, म्हणजे ड्युट्यांच्या वेळापत्रकाची, पाचला. मधला एक तास शरीराच्या लेखी रात्रीचा आणि कंपनीच्या लेखी दिवसाचा होता.

हा तास क्षुल्लक नाही. पुण्याहून सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी दिल्लीला जाणारं विमान घ्या. प्रवाशाच्या दृष्टीने ते ‘सकाळचं’ विमान. वैमानिकाला साधारण तासभर आधी, म्हणजे ५ वाजून १० मिनिटांनी हजर व्हायचं असतं. त्यासाठी गाडी चारच्या आसपास दाराशी येते आणि गजर सव्वातीनला लागतो. जुन्या व्याख्येनुसार या माणसाने रात्री काम केलंच नाही. म्हणून दिल्लीहून पुण्याला परतल्यावर त्याला नागपूरला पाठवून परतही आणता येई. चार उतराणं, आणि कागदावर ती दिवसाची ड्युटी. माझ्या मते या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. पाच ते सहा या तासाला रात्र म्हणायचं ते त्या तासात विमान आकाशात असतं म्हणून नव्हे. त्या तासाला हजर व्हायचं तर त्याआधीची साखरझोप मोडावी लागते, म्हणून.

रात्र मोजायची ती वैमानिकाचं शरीर ज्या घड्याळाला सरावलेलं आहे त्या घड्याळाने, हेही ध्यानात घ्यायला हवं. जूनमध्ये गुवाहाटीत साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो, मुंबईत सहाच्या सुमारास. दोन्हीकडच्या वैमानिकांची रात्र नियमाने एकाच वेळी संपते.

रात्री एवढी उड्डाणं का, याची कारणं साधी आहेत. भाड्याने घेतलेलं विमान जमिनीवर उभं असलं तरी भाडं चालूच राहतं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि दिवसाचे स्लॉट, म्हणजे उड्डाणांना नेमून दिलेल्या वेळा, भरलेले असतात. दाबोळी हा नौदलाचा तळ, तिथे वर्षानुवर्षं कामकाजाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी विमानांना मिळतच नसत. आखाताकडची आणि युरोपकडची उड्डाणं तर पलीकडच्या विमानतळांच्या वेळा सांभाळून निघतात. उद्योग वाढला तो मोठ्या प्रमाणात या उत्तररात्रीत आणि पहाटेत वाढला. २०२४मध्ये देशांतर्गत प्रवाशांची संख्या १६ कोटींच्या वर गेली.

थकवा हे अपघाताचं कारण म्हणून लिहिलं जायलाही जगात फार उशीर झाला. ऑगस्ट १९९३मध्ये क्यूबातल्या ग्वांतानामो तळावर उतरताना एक मालवाहू विमान कोसळलं. त्याच्या अमेरिकी तपासात वैमानिकांचा थकवा प्रथमच अपघाताचं संभाव्य कारण म्हणून नोंदवला गेला. २००९मध्ये अमेरिकेतल्या बफेलोजवळ विमान कोसळून ५० जण गेले. त्यानंतर मृतांच्या कुटुंबीयांनी पाठपुरावा केला आणि २०१४पासून तिथे कडक नियम लागू झाले. त्यातून मालवाहू विमानांचे वैमानिक मात्र वगळले गेले. थकव्याच्या नोंदीची सुरुवात ज्या प्रकारच्या विमानापासून झाली, त्याच विमानांना सूट मिळाली.

आपल्याकडे दीर्घकाळ १९९२च्या परिपत्रकावर काम चाललं. खासगी कंपन्या आल्या, मग स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या, एका दिवसात एकच विमान सहा-सात गावं करू लागलं, तरी परिपत्रक तेच होतं. जुलै २००७मध्ये नवे, वैमानिकांना अधिक विश्रांती देणारे नियम निघाले. मे २००८मध्ये ते स्थगित झाले आणि १९९२चं परिपत्रक पुन्हा जिवंत केलं गेलं. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तिथून सर्वोच्च न्यायालयात. मे २०११मध्ये त्यांचं अपील फेटाळलं गेलं. स्थगिती देण्याचा अधिकार नियामकाला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला (डीजीसीए), आहे, असा निर्वाळा मिळाला. स्थगिती शहाणपणाची होती का, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

न्यायालयात हे चालू असतानाच २२ मे २०१० उजाडला. दुबईहून मंगळुरूला आलेलं विमान सकाळी सहा वाजून गेल्यावर टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या, धावपट्टीवरून पुढे निघून दरीत कोसळलं. १६६पैकी १५८ जण गेले. हाच चमू आदल्या रात्री मंगळुरूहून दुबईला गेला होता आणि तसाच परत निघाला होता. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण सुमारे दोन तासांचं होतं. त्यातला दीड तासाहून अधिक काळ कॅप्टन झोपेत होते. जागे झाल्यावर थोड्याच वेळात उतरायची वेळ आली. विमान फार उंचावरून येत होतं. सहवैमानिकाने पुन्हा वर नेण्याची सूचना केली, ती मानली गेली नाही. झोपेतून उठल्यानंतरची गुंगी आणि पहाटेचा तो उतार, या दोन्हींचा उल्लेख चौकशी अहवालात आहे.

त्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. उड्डाणाआधी कॅप्टनना पुरेशी विश्रांती मिळाली होती, असं अहवाल म्हणतो. त्यामुळे २००८ची स्थगिती आणि मंगळुरू यांच्यात सरळ रेघ ओढता येत नाही. मला त्यातून वेगळीच गोष्ट दिसते. विश्रांतीचे तास कागदावर पुरेसे असले, तरी काम दिवसाच्या कुठल्या वेळेला आहे हा प्रश्न उरतोच.

ऑगस्ट २०११मध्ये नवे नियम आले, एप्रिल २०१९मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. रात्र मात्र पाचलाच संपत राहिली. ऑगस्ट २०२३मध्ये नागपूर विमानतळावर बोर्डिंग गेटजवळ एक वैमानिक कोसळले आणि दगावले. त्यांच्या मृत्यूचं कारण थकवा होता असं म्हणता येत नाही. पण त्या आठवड्यात वैमानिकांच्या रोस्टरवर उघडपणे बोललं जाऊ लागलं.

८ जानेवारी २०२४च्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८वर नेली. रात्र १२ ते ६ झाली. रात्रीला स्पर्श करणाऱ्या ड्युटीत सहाऐवजी दोनच उतराणं, उड्डाण जास्तीत जास्त ८ तास आणि ड्युटी १० तास अशी मर्यादा आली. वर सांगितलेल्या पुण्याच्या वैमानिकाचा दिवस आता दिल्ली-पुणे करून संपणार होता. नागपूरसाठी दुसरी जोडी लागणार होती. कंपन्यांच्या अडचणीचा हिशोब हाच होता, आणि तो खोटा नव्हता. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्यालाच १,५०० तासांचं उड्डाण हवं, आणि वर्षाची मर्यादा १,००० तासांची. माणसं एका हंगामात तयार होत नाहीत.

पण हंगाम एकच नव्हता. नियम लागू करण्याची १ जून २०२४ची तारीख त्या वर्षीच्या मार्चअखेर पुढे ढकलली गेली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि टप्पे ठरले: १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. रात्रीच्या तरतुदी दुसऱ्या टप्प्यात ठेवल्या. म्हणजे नियम जाहीर झाल्यापासून जवळजवळ बावीस महिने मिळाले. त्या बावीस महिन्यांत विमानं येत राहिली, हिवाळ्याचं वेळापत्रक वाढवलं गेलं.

३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, २,५०७ उड्डाणं रद्द झाली, १,८५२ उशिरा निघाली. तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. लग्नाला निघालेले, उपचाराला निघालेले, मुलाखतीला निघालेले लोक त्यात होते, आणि त्यांचा संताप रास्त होता. त्याच नियमांखाली बाकीच्या कंपन्या थोड्याफार अडखळत का होईना चालू राहिल्या. पुढे झालेल्या चौकशीत कंपनीच्या नियोजनावर बोट ठेवलं गेलं. रोस्टर इतकं ताणून बसवलेलं होतं की त्यात अडीअडचणीला राखीव जागाच उरली नव्हती. जानेवारी २०२६मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड झाला.

५ डिसेंबरला नियामकाने दोन गोष्टी केल्या. रात्रीच्या तरतुदींतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६पर्यंत एकवेळची सूट दिली. आणि आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, हे कलम सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतलं. बातम्यांत पहिली गोष्ट गाजली. मला दुसरी अधिक गंभीर वाटते. रजा वैमानिक स्वतःच्या कामासाठी घेतो: मुलीची शाळा, आईचं ऑपरेशन, गावचं घर. विश्रांती ही त्याच्या मागे बसलेल्या १८० जणांसाठी असते. रजेचे दोन दिवस इस्पितळाच्या बाकड्यावर काढलेल्या माणसाच्या नावापुढे ‘४८ तास विश्रांती झाली’ असं लिहिणं आता पुन्हा शक्य झालं. रात्रीच्या सवलतीला निदान अखेरची तारीख होती. रजेचं कलम मागे घेताना तशी कुठलीच तारीख लिहिलेली नव्हती.