पणजीचे पाणी ओहोटीच्या वेळापत्रकाने जाते

पोर्तुगीजांची आधीची राजधानी जुने गोवे ओस पडण्यामागे साथी होत्या आणि साथींमागे बऱ्याच अंशी पाणी होते. चिरा हा सच्छिद्र दगड. त्यात खणलेल्या खड्ड्यांतला मैला झिरपत शेजारच्या विहिरीत उतरायचा. 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीतल्या आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला आणि 1843 मध्ये पणजी 'नोव्हा गोवा' या नावाने अधिकृत राजधानी झाली.

नवी जागा तरी कसली? दलदल, खाजन (म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन) आणि वाळूचे उंचवटे. गव्हर्नर दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु (1826–1835) यांच्या काळात दलदली बुजवून रस्ते आखले गेले. शहर उभे राहिले, पण जमिनीची उंची फारशी वाढली नाही.

खाजनाची रचना समजली की पणजीतले पाणी का तुंबते ते कळते. चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध उभारायचा. त्यात मानस, म्हणजे एकाच दिशेला उघडणारी लाकडी दारे. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून नदीत उतरते, भरतीचे पाणी तेच दार दाबून बंद करते. भरती दिवसातून दोनदा येते. दार बंद असेपर्यंत पडणारा पाऊस थांबणार कुठे? त्यासाठी आत पोंय, म्हणजे खोलगट पाणसाठा. एका हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 लाख लिटर पाणी होते. पोंय भराव टाकून बुजवली की हेच पाणी रस्त्यावर येते. पावसाळ्यात पणजीतला '18 जून' नावाचा रस्ता आणि मळा हा भाग पाण्याखाली जातात ते यामुळेही; नुसता गटारातला कचरा काढून भागत नाही, कारण तोंडाशी भरती असते.

बांध बिघडतात तेही ठरावीक कारणांनी: कुर्ल्यांची बिळे, खारफुटीची मुळे, आणि मासळीसाठी अवेळी उघडी ठेवलेली मानस. खारे पाणी आत आले की कोरगुटासारखे क्षारसहिष्णू भातही फार काळ टिकत नाही. पूर्वी देखभाल गांवकारीकडे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादीकडे असे. कूळ कायद्यानंतर ती कूळ संघटनांकडे गेली, पण पावसापूर्वी बांधावर माती टाकण्याची पूर्वीची शिस्त मात्र सगळीकडे राहिली नाही.

2001 मध्ये गोव्यातली 49.76 टक्के लोकसंख्या शहरी होती, 2011 मध्ये 62.17 टक्के झाली. यातली मेख अशी की 70 शहरांपैकी 56 केवळ जनगणनेपुरती शहरे. तिथला कारभार पंचायतीचा. तिथे बव्हंशी सांडपाण्याची वाहिनी नाही, घरोघरी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. विहिरीपासून ठरावीक अंतर हा नियम, पण जुन्या गोव्यासारखेच इथेही चिऱ्याच्या भेगांतून पाणी त्याहून दूर पोचू शकते. म्हणून खड्डा निदान विहिरीच्या उतारावर, खालच्या अंगाला हवा. छोट्या प्लॉटवर शेजाऱ्याची विहीर नेमकी त्याच अंगाला येते.